सांधे

विजयदुर्गाच्या खाडीत, गिर्याच्या अंगाला,
एक मचवा कुशीवर कलता करून ठेवलाय.
मी त्याच्या सांध्यांत कापूस ठासतो.
छिन्नी बोथट, मोगरी लाकडाची.
धारेची हत्यारं आता दत्तू चालवतो.
माझ्या वाकसाला तेल लावून
त्यानंच गुंडाळून ठेवलंय गोणपाटात,
मेलेल्या माणसाच्या चपला ठेवाव्यात तसं.

वर्ष झालं. आधी पोटऱ्यांवर तांबडे ठिपके,
पिसवा चावल्यासारखे.
मग सकाळची चूळ गुलाबी.
मग दंडावर पिकल्या करवंदाच्या रंगाचा डाग,
कुठे आपटलो ते आठवेना.
कणकवलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
दीड लाख तरी हव्यात, तुमच्या अठरा हजार.
कसल्या, ते मुलीच्या पुस्तकात सापडलं : रक्तपट्टिका.
पट्टी म्हटलं की मला फळीच दिसते.
शरीरच त्यांना परकं समजतं, बाई म्हणाल्या, आणि मोडून टाकतं.
आमच्या भावकीसारखं, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.

गुडघा मात्र जुना. तीस वर्षं उकिडवं बसण्याचा.
आजाराच्या आधीपासून ठणकतो,
आजाराला विचारून ठणकत नाही.

आणि गाव मायाळू.
दत्तू म्हणतो, "मेस्तांनू, ती तांबडी गोळी घेवा, घटकेत धावाक लागशात."
वहिनी म्हणते, "कमरेत सुई मारून घे, काय्येक होवचा नाय."
हसनमियाँ तांडेलानं मस्कतचा बाम आणला,
बाटली माझ्या मुठीत दाबली, मूठ मिटली.
गोड थंड वास. मी फोन करून विचारलं.
त्यातही ॲस्पिरिनचंच गणगोत आहे, बाई म्हणाल्या, नको.
बाटली परत करायला तीन दिवस लागले मला.
नाही म्हणायला गुडघ्यापेक्षा जीभ जास्त दुखते.

मेडिकलच्या पोरानं सवयीनं पट्टी पुढे सरकवली.
मी खिशातला कागद काढला, घामानं मऊ झालेला :
ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक,
तिन्हींवर बाईंच्या हातची काट.
दुखणं थांबवतात, आणि उरल्यासुरल्या
पट्टिकांचेही हात बांधतात.
सर्दीच्या गोळीत लपून येतात, मागचं बारीक वाचा.
कमरेची सुईही नको, आत रक्त साकळेल.
तिन्हींच्या खाली, एकटीच, काट नसलेली : पॅरासिटामॉल.
तीही मोजून. दिवसाला किती ते आकड्यात लिहिलेलं,
वर एकही नाही, आणि दारूच्या दिवशी फोन आधी.
दोन गोळ्यांत सहा तास.
भरती लागली की एक, ओहोटी लागली की दुसरी,
मी मनात लिहून घेतलं. एवढं वेळापत्रक
खाडीवरच्या माणसाला जमतं.
कागदाच्या तळाशी, दोनदा अधोरेखित :
डोकं एकाएकी फुटल्यागत दुखलं तर गोळीच शोधू नका. गाडी शोधा.

घरी दोन डबे.
हेमलतेचा पेढ्यांचा, पत्र्याचा. तिच्या खांद्याची गोळी त्यात.
तिला ती लागते, मला ती चालत नाही.
एका ताटात जेवतो आम्ही
आणि औषधात सोवळं पाळतो.
माझा डबा मीच केला, फणसाच्या तुकड्याचा,
झाकणावर दत्तूकडून पटाशीची एक खाच मारून घेतली.
खाच मारताना माझा हात त्यानं लांब धरायला लावला,
लहान पोराचा धरायला लावतात तसा.

काल रात्री वीज नव्हती. तीन वाजले असतील.
ती झोपेत, खांद्याखाली उशी.
फळीवर चाचपडलो. पत्रा. गार.
हात मागे घेतला.
मग लाकूड. मग अंगठ्याला खाच.
पाण्याबरोबर गोळी उतरली, आणि मी बसून राहिलो
पाय पाटावर, गुडघ्यावर ओला पंचा.

थांबला नाही गुडघा. अर्धा थांबला.
उरलेला अर्धा ऐकत होतो,
तेवढ्यात खाली मचव्याच्या बुडाला
पाणी लागल्याचा आवाज आला.
मी कान दिला, आत शिरतंय का.
नाही. बाहेरूनच लपलपत होतं.