सव्वासातची गोळी

हार्लिंगनच्या बंदरावर फेरीबोटीचे दोर बांधतो मी.
वय सत्तेचाळीस.
गोळी खरं तर पोरासाठी होती.

डॉक्टरीणबाई येल्मरबद्दल एकेक विचारत गेल्या:
वस्तू हरवतो का, वाक्य अर्ध्यात सोडतो का,
रांगेत उभा असताना पाय...
आणि बाउक्ये माझ्या पायाकडे बघत राहिली,
टेबलाखाली शिवणयंत्रासारखा चाललेल्या.

आता सकाळी बापलेक शेजारी बसतो.
ताकाचा पेला, पाव, दोन गोळ्या.
माझी त्याच्याहून जरा मोठी, याचं त्याला वाईट वाटतं.

पहिल्या दिवशी मी वाट पाहत होतो
वीज कोसळायची.
काहीच झालं नाही.
फक्त आठच्या सुमाराला
फ्रिजची घरघर फ्रिजपाशीच थांबली,
समुद्रपक्षी खिडकीबाहेरच ओरडला,
आणि मी एक कप विसळला.
मग त्याची बशी.
मग, सांगताना अजून घसा दाटतो,
उरलेली सगळी भांडी.

मग ड्रॉवर उघडला.
पाणीखात्याची चार वर्षांची पाकिटं, न फोडलेली.
खाली वडिलांच्या अंत्यविधीला आलेल्यांची यादी,
आभाराचं एकही पत्र न गेलेली.
वडील म्हणायचे, अंगचोर.
शाळेत बाई म्हणायच्या, वेंधळा.
दोघांची कधी भेट झाली नव्हती,
म्हणून मला ते खरंच वाटलं.

त्या दुपारी रडलो. आनंदानं नव्हे.
एवढ्याशा गोष्टीवाचून
कुणी चाळीस वर्षं बोलणी खातं?

गोळी पत्रं लिहीत नाही.
दोराचं एक टोक धरून उभी राहते, इतकंच.
गाठ मलाच मारावी लागते,
आणि वारा असला की ती सुटतेही.

चार वाजले की ती हात सोडते.
येल्मर घरी येतो, डब्यातलं सँडविच तसंच,
एका घासाची खूण असलेलं.
त्याची भूक रात्री नऊला उगवते.
मग आम्ही ओट्याशी उभ्यानं चीज खातो, जाड कापून,
एकाच वेळी बोलत, कुणीच कुणाचं न ऐकता.
बाउक्ये म्हणते, आले परत माझे दोघं.

काल त्यानं विचारलं,
बाबा, खरा मी सकाळचा की आत्ताचा?
मी तोंड उघडलं,
तेवढ्यात शेवटच्या बोटीनं भोंगा दिला
आणि तो खिडकीकडे पळाला, प्रश्न तिथंच टाकून.

मी तो लिहून ठेवलाय.
पाणीखात्याच्या पाकिटाच्या पाठीवर.
फोडलेल्या.