अडीच वाजताचा भात

रात्री अडीचला भात कोण लावतं?
जेलरोडच्या आमच्या गल्लीत तरी कुणी नाही.
पण वास येतो. आंबेमोहराची पहिली वाफ,
आणि पीओपीच्या वर, नेमकी पंख्याच्या कडीपाशी,
कुणीतरी कूस बदलतं.

वनखात्याचा गांगुर्डे स्टुलावर चढून बॅटरी मारत म्हणाला,
"उदमांजर आहे काका. तीन पिल्लं.
दोनेक महिने कळ काढा, आपणहून जातील.
मग भोक बुजवा."
कागदावर माझी सही घेतली,
जणू मी त्यांना जामीन राहिलो.

ढिकले वहिनींनी डांबरगोळ्या पाठवल्या.
पिंगळ्यांनी मिरचीचा धूर सुचवला,
त्यांच्या पपया तिने अर्ध्या खाल्ल्या होत्या
आणि बिया आमच्या टाकीच्या झाकणावर टाकल्या होत्या,
धुतल्यासारख्या स्वच्छ.
सटाण्याची आत्या फोनवर कुजबुजली,
मसण्याऊद रे ते! मढं हुंगत येतं.
म्हटलं, मग पत्ता बरोबर आहे.
ती हसली नाही.

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
कड तिरकी, शाई पुसट, आकडा रेसभर सरकलेला,
नजरेआधी बोटाला कळायचं.
आता निवृत्तीत, पाठीवर पडून
छताच्या आवाजांतली खोट शोधतो.
ही आई उतरली पाइपावरून.
हे भांडण.
हे दूध.
हे काय, अजून कळलं नाही.

एकदा जिन्यात समोरासमोर आलो.
दोघंही दचकलो. तिने शेपटी उचलली
आणि जे सोडलं त्याला भात म्हणवत नाही.
लेंगा तीनदा धुतला, मग टाकूनच दिला.
चूक माझीच. दिवा न लावता निघालो होतो,
तिची कामाची वेळ होती.

आषाढ सरता सरता वर सामसूम झाली.
एक दिवस, चार दिवस, नऊ.
गांगुर्डेचा फोन आला, "गेली का काका?"
"बघतो," म्हणालो.
सिमेंटची पिशवी कोपऱ्यात दगड झाली आहे.

आज सकाळी कुंपणावरून ढिकले वहिनी,
डोळे तारवटलेले, आवाज खाली:
"भाऊजी, रागावू नका,
तुम्ही रात्री-अपरात्री भात लावता का हो?
आमच्या माळ्यापर्यंत वास येतो."

वासाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
"हो," म्हणालो, "झोप येत नाही.
अजून दोनेक महिने लावीन म्हणतो."