पितळ

डांबर संपतं तिथून अकरा मैल खडी.
मग लाकडी पूल, त्यावर आमचा ट्रेलर दर वेळी कुरकुरतो,
आणि मग दरी उघडते,
ओंजळीसारखी वगैरे नाही,
जरा आखडतीच,
म्हाताऱ्याने पाकीट उघडावं तशी.

पाटीवर नियम लिहिलेत:
घोडी थेट झाडाला बांधू नयेत.
गवत तपासलेलं, दाखल्याचंच आणावं.
जाताना लीद गोळा करावी.
बाकी सगळं देवाच्या हवाली,
असं पाटीवर कुठेही नाही,
पण माझा भाऊ रॉइस दर सप्टेंबरात तेही मोठ्याने वाचतो.

त्याने दोन पाइनच्या मध्ये दोर ताणला,
सालीला काचू नये म्हणून खाली रुंद पट्टे.
मी दोघांना उतरवलं.
ज्युनिपर, कुमैत घोडी, वय चोवीस,
दोन्ही डोळ्यांत दूध सांडलेलं.
आणि डीकन, आमचं खेचर,
कायम शोकसभेला आल्यासारखं तोंड.
डीकनच्या गळ्यात पितळी घंटा.
घोडी तिच्या मागून चालते,
पाण्यापर्यंत, चंदीपर्यंत,
परवा तर थेट पशुवैद्याच्या दारापर्यंत.

शेजारच्या तंबूत बॉइझीहून आलेला विन्स्लो,
सोबत आठ वर्षांची मुलगी.
अंधार पडल्यावर तो आला,
हातात टोपी नव्हती पण असल्यासारखा उभा राहिला.
"ही घंटा... रात्रभर असते का?"
मी तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे.
आईबापांशी वाद घालू नये, एवढं त्यात शिकले.
घंटा सोडली, लोकरीच्या मोज्यात कोंबली,
खोगिराखाली ठेवून दिली.

आता घोडं कुठं पेंड खातं, ते ऐका.

डीकन बारा फुटांवर होता,
उभ्याउभ्याच झोपलेला.
तिच्या लेखी मात्र तो डोंगरापलीकडे गेला होता.
ती खिंकाळली.
समोरच्या कड्यावरून तिचीच हाक परत आली,
थोडी उशिराने, थोडी जाड होऊन.
तिला वाटलं, तिकडे कुणीतरी आहे.
तिने उत्तर दिलं.
कड्यानेही दिलं.
असं दोघांचं चाललं होतं मध्यरात्र उलटून जाईपर्यंत.
वरच्या रानात एक एल्क शीळ घालत होता,
तोही बिचारा शेवटी गप्प झाला.

मी तिच्या मानेवर हात ठेवून बसले.
कातडी थरथरत होती,
पाण्याला आधण येतं तशी.
डोळे नसलेल्या जनावराला
"अगं, तो इथेच आहे" हे कसं सांगायचं?
मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं,
आजीच्या नॉर्वेजियनमधल्या चार शब्दांत सांगितलं.
कड्याचं म्हणणं तिला जास्त पटत होतं.

दोन वाजता टॉर्च हलत आला.
विन्स्लो. बूट उलटसुलट पायांत.
"लावा हो ती परत," तो म्हणाला,
आणि स्वतःच डीकनची मान धरून उभा राहिला.
बक्कल बर्फासारखं गार,
बोटं माझी नव्हेतच.
डीकनने डोकं झाडलं.
एकदाच, ठण्ण.

ज्युनिपर अर्ध्या हाकेत थांबली.
नाकपुड्यांतून एक लांबलचक फुरफूर,
आणि मग, जरा वेळाने,
इतकी धो धो मुतली
की विन्स्लो हसता हसता खाली बसला.

सकाळी दोरावर दव गोठलेलं.
मुलगी डोळे मिटून घंटेच्या मागून निघाली,
ओढ्यापर्यंत नीट गेली,
येताना लिदीत पाय घातला.
तिच्या बापाने फावडं मागितलं, मी दिलं.

रॉइस नऊला उठला.
तो कानातलं मशीन काढून झोपतो.
ते त्याने बसवलं, कॉफीचा पहिला घोट घेतला,
दरीकडे बघत राहिला.
"ही शांतता," म्हणाला,
"याच्यासाठी येतो मी इथे."

विन्स्लोने माझ्याकडे पाहिलं.
मी त्याचा कप भरला.
ज्युनिपरचा डावा कान
डीकनकडे वळलेला होता, उजवा अजून कड्याकडे.