इतिवृत्त

मेच्या तिसऱ्या मंगळवारी, पंचगंगा घोट्याएवढी असताना,
आम्ही तिच्या त्रेचाळीस फुटांबद्दल बोलायला बसलो.
पंखा गरम हवाच ढकलत होता,
पन्ह्याचे पेले फायलींवर गोल उमटवत होते,
आणि इतिवृत्त लिहायला मी.

पाटबंधारेचे हेरवाडकर म्हणाले,
राधानगरीचे दरवाजे उघडताना विचारत नाहीत कुणाला.
महावितरणच्या मगदूमबाई म्हणाल्या,
पण तुम्ही आम्हाला सांगा,
पाणी डीपीला लागायच्या अर्धा तास आधी.
अग्निशमनचे शिकलगार म्हणाले, सांगायचं कुणी?

मग कुणीच काही म्हणालं नाही.
हेही लिहायचं असतं का, मला कळेना.

मागच्या पुरात फोन फिरला होता
या टेबलावरून त्या टेबलावर,
आरतीच्या ताटासारखा:
प्रत्येकानं ज्योतीवर हात धरला, डोळ्यांना लावला,
ताट पुढं.
तोवर शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली.

म्हणून यंदा तक्ता. काम, वेळ, जबाबदारी.
जबाबदारीचा रकाना मी मुद्दाम रुंद आखला होता.

दाराशी, चप्पल हातात धरून, धुळाप्पा आंबी बसलेला.
त्याच्या गावाची नाव त्याच्याकडं, म्हणून बोलावलेला.
दोन तास गप्प होता.
मग म्हणाला, "सायेब, गेल्या खेपंला बोट दारात आली हुती.
माणसं चढंनात.
गोठ्यात म्हस हुती. गाभण.
तुमच्या कागदात माणसं हायत. म्हस कुठं हाय?"

कुणी हसलं. हेरवाडकर हसले नाहीत.
मी पानं उलटली. म्हैस नव्हती.
पशुसंवर्धनला बैठकीचं पत्रच गेलं नव्हतं,
आणि पत्रं पाठवणारी मीच.

शिपाई पळाला. अर्ध्या तासानं डॉक्टर उपाध्ये आले,
कुठल्याशा गोठ्यातून, कोपरापर्यंत हात धुतलेले,
शर्टावर चिकाचा डाग.
उभ्याउभ्याच म्हणाले,
"जनावरं आधी हलवा. दोन दिवस आधी.
दावं सुटलं की माणूस मागनं येतोच."

दोन दिवस आधी म्हणजे किती फुटाला?
एकोणचाळीसला? त्याच्याही आत?
मगदूमबाईंनी पेन्सिल उचलली.
छावणीत वैरण, पाणी, आणि रात्रीचे दिवे माझे, म्हणाल्या.
शिकलगारांनी ट्रक मागितले, रबरी नावा नकोत म्हणाले, खूर लागतात.
हेरवाडकर बराच वेळ आपल्या आकड्यांकडं बघत राहिले,
मग स्वतःशीच बोलल्यासारखे,
"म्हणजे मला अजून आधी बोलावं लागणार."
तेच वाक्य मी अधोरेखित केलं.
इतिवृत्तात अधोरेखित करत नाहीत खरं तर.

संध्याकाळी एसटीला वेळ होता, चालत घाटावर गेले.
म्हशी डुंबत होत्या, पाणी त्यांच्या पोटालाही पुरत नव्हतं.
भिंतीवर, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर,
मागच्या पुराची लाल रेघ,
आणि खाली, हात पोचेल तिथं, सावधानतेचा नंबर,
त्यावर कुणी शिकवणीची जाहिरात चिकटवलेली.
दहावीत शंभर टक्के यश. शेवटचे चार आकडे त्याखाली.

पिशवीतून तक्ता काढला.
काम: जाहिरात काढणे. वेळ: पावसाआधी.
जबाबदारी,
इथं पेन थांबलं, सवयीनं.
पालिका? बांधकाम? की ग्रामपंचायतीची हद्द?

मग नखानं कोपरा उचलून बघितला.
खळ चांगली होती.
अर्धी निघाली. दोन आकडे दिसले.
एसटी चुकली.