न्यूट्रल

शिरोलीच्या फौंड्रीत, रात्रपाळीला,
शिकलगारमामांनी काळ्या वायरला टाँगटेस्टर अडकवला.
एक्केचाळीस अँपियर.
"हिच्यात काय नसायला पायजे, बघ,"
म्हणाले, आणि इन्सुलेशनवर तळहात ठेवला,
पोराचा ताप बघावा तसा.

लाल फेजवर तिन्ही वेल्डिंग सेट.
पिवळ्यावर ऑफिस, एसी, मालकांचा फ्रिज.
निळ्यावर गेटचा एक दिवा आणि वॉचमनचा रेडिओ.
तिघांचं आपसात जमत नाही,
ते सगळं हिच्या अंगावर.

आणि तो दुसरा करंट, फुकट फिरणारा:
मोटरीपर्यंत जातो, तिच्यातलं चुंबक जागं करतो,
तसाच माघारी येतो.
काम विचाराल तर शून्य.
पण त्याला घरी बसवा आणि
एक शाफ्ट हलवून दाखवा!
त्याच्या येरझाऱ्यांचा दंड दर महिन्याच्या बिलात.

मग मोटरींच्या उशाशीच कपॅसिटर बसवले,
सबस्टेशनपर्यंत त्याचा हेलपाटा नको म्हणून.
एक वेल्डिंग सेट निळ्यावर नेला, एक पिवळ्यावर,
एसी उचलून निळ्यावर टाकला.
माझं गणित दोनदा चुकलं, मामांचं एकदा.
साडेचारला आकडा आला: तीन.

भट्टीला यातलं काही कळलं नाही.

सकाळी मालक आले. "काय केलंसा रातभर?"
दाखवायला होतं काय?
मामांनी त्यांचा हात धरून
काळ्या वायरवर ठेवला.
"गार हाय की."
"तेच," मामा म्हणाले,
आणि न उघडलेला डबा
सायकलच्या हँडलला अडकवला.