बटण नंबर सात

मिक्सर जुना. अण्णासाब बोरगाव्यांना मुंबईच्या भंगारात मिळाला.
आठ बटणं, त्यातलं एक दगडासारखं घट्ट,
आणि सातव्याखाली पिवळी पडलेली चिकटपट्टी,
तिच्यावर पेनानं कुणीतरी लिहिलेलं: फुरिख.
म्हणजे आम्ही तसं वाचलं.
अक्षरं इंग्रजी, शब्द इंग्रजी नव्हता.
पाठीवर कोरलं होतं, ग्लासगो, स्टुडिओ दोन.

निपाणीत, तंबाखूच्या वखारीवरच्या खोलीत
एप्रिलच्या एका संध्याकाळी तो तापला
आणि चॅनल बावीस दिसू लागला.

साडेसातला मी, मराठी. आठला शैलजा मगदूम, कन्नड.
बातम्या त्याच, टेबल तेच, खुर्चीही एकच.
मी उठलो की ती बसायची, म्हणायची,
'खुर्ची तापवून ठेवताय होय, कृष्णात?'
लाईट गेली, वायर तुटली, कुणाला ठसका लागला
की दुंडाप्पा सातवं बटण दाबायचा,
मग त्यानंच रंगवलेली पाटी: थोडं थांबा.
खाली एक पोपट, कारण जागा उरली होती.

मे महिन्यात दहावीचा निकाल.
उर्दू शाळेतली मुलगी तालुक्यात पहिली,
तिचं नाव आम्ही दोन भाषांत दोन तऱ्हांनी चुकीचं उच्चारलं.
तिच्या वडिलांनी तरी पेढे पाठवले.

ऑगस्टला वेदगंगा यमगर्णीच्या पुलाला टेकली.
दुंडाप्पा छातीएवढ्या पाण्यात, कॅमेरा डोक्यावर.
बातमीत नुसतं पाणी दिसलं, आणि त्याचाच आवाज:
'आरं, चप्पल गेली की!'
ते आम्ही कापलं नाही. दोन्ही बातम्यांत गेलं.
दुसऱ्या दिवशी विडीच्या कारखान्यातल्या बायकांनी
त्याला वर्गणी काढून चप्पल घेतली.

एक नोव्हेंबरला सकाळी दोन फोन आले.
एक म्हणाला, मिरवणूक दाखवा.
दुसरा म्हणाला, निषेधाची फेरी दाखवा.
मग ठाण्यातून तिसरा: काहीच दाखवू नका.
माझ्या खिशात काळी फीत होती.
शैलजाच्या पर्समधून लाल-पिवळ्या शालीचा काठ डोकावत होता.
तिनं फीत बघितली, मी काठ बघितला,
चहा आला, तो प्यालो.
दिवसभर गावाला पोपट.
संध्याकाळी गल्लीतली पोरं विचारायला आली,
तो हलत का नाही म्हणून.

त्याच रात्री तिच्या भावाचा फोन, जहाज एबर्डीनला लागलेलं.
तिनं कधीचा तो शब्द त्याला पाठवला होता, एकेक अक्षर करून.
कँटीनमधल्या म्हातारीनं वाचला म्हणे, आणि हसली.
तिच्या आजीची भाषा. टीव्हीवर रोज किती मिनिटं द्यायची
यावरून तिथंही वाद झालेत.
फुरिख म्हणजे थांब.
आणि फुरिख म्हणजे राहा, वस्तीला राहा, इथला हो.
'आमचं इरु तसंच की,' शैलजा म्हणाली.
मी मराठीत शोधत बसलो.
आपल्याला दोन लागतात.
साठ वर्षं इथली माणसं दोन्ही क्रियापदं
एकदम चालवत आलीत, ते वेगळं.

हिवाळ्यात फार काही घडलं नाही.
सौंदत्तीची जत्रा, तंबाखूचा भाव, अक्कोळची हरवलेली म्हैस.
म्हैस सापडली, ती बातमी द्यायची राहिली.

मार्चमध्ये घरोघरी सेट-टॉप बॉक्स पोचले.
त्यांत बावीस नंबरवर कुठलंसं दागिन्यांचं दुकान.
एकतीस तारखेला शेवटचं बातमीपत्र आम्ही दोघांनी मिळून वाचलं,
एक वाक्य मी, एक ती, दुसरी खुर्ची खालच्या हॉटेलातून आणून.
निरोपाचं कुणी लिहिलंच नव्हतं.
दुंडाप्पानं सात दाबलं.
बारापर्यंत पोपट, मग मुंग्या.

मिक्सर वखारीत आहे, पोत्यांखाली.
निघताना पट्टी सोलायला गेलो, नखानं, हळू.
निम्मी निघाली.
उरलेली तिथंच.