आंदण

टोरोरोच्या खडकामागे उजाडायच्या आत
न्याफ्वोनो सापळे झटकून येते.
निळं कापड, काळी पट्टी, वर जाळीची टोपी.
त्सेत्से माशीला निळ्याचा मोह का,
ते अजून माशीलाच ठाऊक.

पण आज भिंगाखाली पिंजऱ्यातल्या माश्या,
एका वेळी एकच अळी पोटात वाढवणाऱ्या,
तिला आतल्या आत दूध पाजणाऱ्या.
(माशी आणि दूध!
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती खूप हसली होती.)
पंधरा दिवसांपूर्वी त्यांना रक्त पाजलं,
रक्तात परजीवींचे दोन वाण:
एक लाल चमकणारा, एक हिरवा.

चिमट्याने डोकं हलकेच ओढलं
की लाळेच्या दोन नळ्या मागोमाग येतात,
शेवयांहून बारीक, ओल्या.
बहुतेक रिकाम्याच.

गाईच्या रक्तात या जिवांना कुणी लागत नाही.
एकाचे दोन, दोनाचे चार,
अंगरखे बदलत, पहाऱ्याला चकवत
आपलीच आपण पिलावळ.
जोडीदार हवा होतो तो फक्त इथे,
माशीच्या लाळेत, एवढ्याशा अंधारात.
आधी शेपट्या गुंततात,
मग अंगाला अंग,
मग कुणाचं काय, सांगता येत नाही.

एकेचाळिसाव्या माशीत तिला दिसलं.
लाल. हिरवा. हिरवा. लाल.
आणि मधेच वळवळणारा एक
पिवळा,
अंगभर हळद लागलेला.
ना मुहूर्त, ना मध्यस्थ,
ना देणं-घेणं.

तिचं देणं-घेणं अडलंय.
ओब्बोच्या घरून पाच गाई ठरल्या होत्या.
तीन आल्या.
चौथी मालाबाच्या काठावर बसली ती बसलीच,
डोळ्यांतून पाणी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.
दोनदा सुई टोचली. उठली नाही.
"औषधाला न जुमानणारा वाण"
हे वहीत न्याफ्वोनोच्याच अक्षरात आहे,
नमुना चव्वेचाळीस.
रानातल्या कुठल्याशा माशीत
असाच कुणी कुणाला भेटला असेल,
आणि येताना आपला चिवटपणा
आंदण घेऊन आला असेल.
असेल. खात्रीने कोण सांगणार?
पाचवी गाय आता खोकते.

संध्याकाळी अंगणात बाजरीच्या दारूचं मडकं,
भोवती म्हातारे, सगळ्यांच्या लांब नळ्या
एकाच मडक्यात.
ओकेचो लेकीला विचारतो,
"दिवसभर डोळा लावून बसतेस,
दिसतं तरी काय त्यात?"
"लग्नं."
म्हातारे खदखदून हसतात,
एकाला ठसका लागतो.
"मग गाई कोण देतं?"

"आपण," ती म्हणते.

ओकेचो हसत नाही. नळी पुन्हा तोंडात धरतो,
मडक्यात आणखी गरम पाणी घालायला सांगतो.
ती उठते.
तिसऱ्या सापळ्याचं कापड विटलंय,
उद्या बाजारातून वारभर निळं आणायला हवं.